देवासाठी एक अख्खा सिनेमा

पा प्रायोंगच्या, म्हणजे प्रायोंगमावशीच्या, घशातली गाठ काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलं. जीव राहील. आवाज राहणार नाही.

तिने विचारलं, "कुजबुज तरी?"

"तीही सांगता येत नाही."

"मग सोमवारी काढा. शनिवारी मला एक सिनेमा बोलायचाय."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सिनेमा बघतात, बोलत नाहीत, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी पुन्हा बजावलं, की फार बोललात तर गाठ सुजेल, श्वास अडकेल. पा प्रायोंगने मान डोलावली. ती मान होकाराची नव्हती. आजूबाजूच्या कुणालाही ते कळलं असतं. डॉक्टर परगावचे होते.

नदीकाठच्या पाकनामफो गावात पन्नाशीच्या पुढचं कुणीही तिला आवाजावरून ओळखतं. चेहऱ्यावरून फार थोडे. त्याचं कारण साधं आहे. तिच्या उमेदीच्या काळात आमच्याकडे सिनेमा मुका यायचा. पडद्यावर माणसं ओठ हलवायची आणि त्यांचा आवाज जागेवर कुणीतरी काढायचं. माइकपुढे बसून, एकट्याने, सगळ्यांचा. लोक पडद्याकडे तोंड करून चटयांवर बसत. पा प्रायोंग त्यांच्या पाठीमागे, ट्रकच्या फळीवर, यंत्राच्या शेजारी. लोकांनी तिला ऐकलं. वळून कुणी पाहिलं नाही.

तो ट्रक एका औषधवाल्याचा होता. पिवळ्या डबीतला बाम विकायचा, म्हणून सिनेमा फुकट. कापणी संपली की ट्रक निघायचा आणि पाऊस लागेपर्यंत गावोगाव फिरायचा. आधीची आवाज देणारी बाई एका गावात लग्न करून राहिली, म्हणून बाजारात बडबड्या स्वभावासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रायोंगला मालकाने उचललं. ती तेव्हा विशीत होती. नवरा नदीवर लाकडं वाहायला गेला तो परतला नव्हता. घरी आई होती आणि एक पाळण्यातली मुलगी, ओराथाय.

"पुरुषाचा आवाज कसा काढायचीस?" मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"हनुवटी छातीला लावायची आणि आपण फार शहाणे आहोत असं समजायचं."

"आणि म्हशीचा?"

"तसाच. पण कमी शहाणं व्हायचं."

ओराथायच्या नूडल्सच्या दुकानात आम्ही बसलो होतो. ओराथाय आता स्वतः पन्नाशीला टेकली होती. पातेल्यात माशांचे गोळे सोडता सोडता ती म्हणाली, "हिला जास्त विचारू नकोस. म्हैस काढून दाखवेल. गिऱ्हाईक पळतं."

मी तिथे गेले होते ती माझ्या प्रबंधासाठी. विषय होता 'पडावावरची लाम्फू' आणि तिच्यावरचे सिनेमे. ही कादंबरी आमच्याकडे लहानपणी वाचल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. लाम्फू नावाची मुलगी. आई तिला भात वाहणाऱ्या एका पडावावर सोडून जाते आणि सांगते, पाणी उतरलं की येते. पाणी उतरतं, पुन्हा चढतं. शेवटी पडाव एका घाटाला लागतो आणि लाम्फूला काठावर आई दिसते. पाठमोरी, कडेवर दुसरं मूल. पुस्तकात लाम्फू हाक मारत नाही. नावाड्याला एवढंच म्हणते, चला पुढे. संपलं.

मी आठ वर्षांची असताना ते पान फाडून टाकायला निघाले होते. आजीने हात धरला.

सिनेमे दोन निघाले. दुसरा बोलका, रंगीत, माझ्या लहानपणचा. त्यात आई साडेसातीतून सुटल्यासारखी पाण्यात उडी मारते आणि मुलीला मिठी मारते. समीक्षकांनी त्याला यथेच्छ झोडपलं. पहिला सिनेमा मुका, पा प्रायोंगच्या काळचा. त्याची एकच प्रत शिल्लक होती, आणि ती होती तिच्या ट्रकवरचा यंत्रवाला लुंग प्लेक, म्हणजे प्लेककाका, याच्या घरात, पलंगाखाली, पत्र्याच्या डब्यांत. त्यात लाम्फू पडावाच्या टोकाशी उभी असते, आपल्याला फक्त तिची मान दिसते, आणि चित्र तिथेच संपतं. हाक आहे की नाही, कळत नाही. ज्यांनी त्याच्याकडे जाऊन ती प्रत पाहिली होती त्यांनी या शेवटावर पानंच्या पानं लिहिली. पुस्तकापेक्षाही धाडसी शेवट, असं माझे सर म्हणत. मीही त्यावर एक प्रकरण लिहून ठेवलं होतं.

प्लेककडची प्रत सुरक्षित आहे हे मी पा प्रायोंगला सांगितलं, तेव्हा ती वाडग्यातला चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"प्लेककडे? त्या मेल्याकडे? एवढी वर्षं?"

"पलंगाखाली."

"मला म्हणाला, मालकाने विकली."

ती उठली. एप्रन काढला. "ओराथाय, मी घाटावर जाऊन येते."

"आता? दुपारी? काय पेटलंय?"

"देवाला सांगून येते. मिळाली म्हणून."

नवसाची गोष्ट मला त्या वेळी कळली. ओराथायने सांगितली, पातेलं ढवळत, माझ्याकडे न बघता.

ओराथाय पाच वर्षांची असताना तिला ताप भरला. उतरेना. शुद्ध जायला लागली. प्रायोंग तेव्हा डोंगरापलीकडे ट्रकबरोबर होती. एका बसवाल्याने निरोप पोचवला. त्या गावातून सकाळशिवाय गाडी नव्हती, आणि संध्याकाळचा खेळ लागला होता. मालक म्हणाला, रडायचंच आहे तर माइकपुढे रड, सिनेमा रडण्याचाच आहे. तिने नदीच्या दिशेला तोंड केलं. त्यांच्या गल्लीच्या टोकाला घाटावर चिनी देवाचं देऊळ आहे. त्या देवाला ती म्हणाली, पोर वाचू दे. 'लाम्फू' तुला दाखवीन. अख्खी दाखवीन. मध्ये थांबणार नाही, बाम विकणार नाही. माझ्या तोंडाने दाखवीन. मग तिने तो खेळ केला.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तर ओराथाय भाताची पेज खात बसली होती.

"आणि नवस?"

"मालक म्हणाला पुढच्या वर्षी. मग पुन्हा पुढच्या वर्षी. मग बोलके सिनेमे आले, ट्रक विकला, मालक मेला. ही दर नव्या वर्षाला संत्री घेऊन जाते आणि मुदत मागून घेते." ओराथायने झाऱ्या आपटला. "देवही कंटाळला असेल संत्र्यांना."

घशातली गाठ तेव्हा कळलेली होती, पण ऑपरेशनची तारीख ठरायची होती. ती ठरली तेव्हा शनिवारचा दिवस पा प्रायोंगने मोकळा करून घेतला. एवढंच तिला हवं होतं. आवाज जाण्याआधी एक अख्खा सिनेमा.

आम्ही दोघी लुंग प्लेककडे गेलो. त्याने तिला बघताच दारातच हात जोडले.

"शिव्या आत येऊन दे, प्रायोंग. शेजारी ऐकतात."

"चोरा."

"मालक जाळायला निघाला होता. मी उचलली. तुला सांगितलं असतं तर तू रोज मागितली असतीस."

"रोज मागितली असती."

"तेच म्हणतो."

त्याने डबे उघडले. शिरक्यासारखा आंबट वास खोलीभर झाला. रिळं बरी होती. प्लेक एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून दाखवत गेला आणि पा प्रायोंग त्या बोटभर चित्रांकडे बघून ओठ हलवत गेली. तिला सगळं पाठ होतं असं नाही. अडायची तिथे हसून काहीतरी घालायची. "इथे मी गावच्या मुखियाचं नाव टाकायचे," ती म्हणाली. "दर गावात वेगळं. खडूस गिरणीवाल्याला त्याच गावच्या गिरणीवाल्याचं नाव. बायका हसून लोळायच्या. गिरणीवाला उठून जायचा."

शेवटचं रीळ आलं. लाम्फू पडावाच्या टोकाला. तिची मान. वेणीतला दोरा. आणि मग काहीच नाही. कोरी पट्टी.

"पुढचं काढ," पा प्रायोंग म्हणाली.

"पुढचं नाही."

"नाही म्हणजे? हाक आहे ना पुढे. आई वळते. तिचा चेहरा दिसतो."

मी दोघांकडे बघत होते. "आई वळते?"

"वळते तर. हाक मारल्यावर कोण वळत नाही?"

प्लेकने पट्टी माझ्या हातात दिली. कडेला चिकटवल्याच्या खुणा होत्या, एकाशेजारी एक, दाट. मालकाला बाम विकायचा असायचा तो इथेच. लाम्फू तोंड उघडणार एवढ्यात यंत्र थांबवायचं. पण दिवा मालवायचा नाही. ती मान पडद्यावर तशीच दिसत राहिली पाहिजे, म्हणजे लोकांचा जीव टांगणीला लागतो आणि डब्या खपतात. दिवा तापलेला, पट्टी थांबलेली. पडद्यावर एक तपकिरी फोड यायचा, मोठा व्हायचा, भोक पडायचं. प्लेक जळकं कापायचा, उरलेलं चिकटवायचा. दर खेळाला. काही वर्षांत हाक गेली. मग आईचं वळणं गेलं. मग चेहरा गेला.

"बामाने खाल्लं सगळं," प्लेक म्हणाला.

मी खाटेवर बसले. माझं चौथं प्रकरण, सरांचा लेख, कुणाकुणाची पानं. 'दिग्दर्शकाने नाकारलेला दिलासा' असं मी शीर्षक दिलं होतं. मला हसू येत होतं.

पा प्रायोंगला माझ्या प्रकरणाशी घेणं नव्हतं. ती कोरी पट्टी बोटांवर गुंडाळत होती.

"अख्खी म्हणाले होते मी," ती म्हणाली. "अख्खी."

घरी परतल्यावर ओराथायने ऐकलं आणि तिला बरंच वाटलं.

"झालं तर. सिनेमाच अर्धा आहे. आता देव काय म्हणणार? संत्री ने. मुकाट्याने ऑपरेशनला चल."

"थोडाच कमी आहे."

"आई, डॉक्टर काय म्हणाले? श्वास अडकेल. देवळासमोर माइक हातात धरून मरशील आणि मग मी कुणाला नवस बोलू?"

"नवस तुझ्यासाठीच होता."

"मग मलाच विचार. मी म्हणते, माफ केला."

"तू कोण माफ करणारी? बोलले त्याला."

"जिच्यासाठी बोललीस ती मी!" ओराथायचा आवाज चढला. गिऱ्हाइकं वाडग्यांत बघू लागली. "सगळ्या प्रांतातल्या पोरांना तुझ्या आवाजात आई होती. भोंग्यावरून. मला आजी होती. आता जो काही उरलाय तो आवाजही तू देवाला देऊन येणार."

भोंग्यापुढे गावंच्या गावं गप्प करणारी बाई. तिने टेबलावरचं मिरचीचं भांडं उगाच सरकवलं.

मला वाटलं, शनिवार बारगळला. पण दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन देवळात गेली. पुजारी हेंग, ज्याला सगळे आपे, म्हणजे काका, म्हणतात, उदबत्त्यांची राख झाडत होता.

"आपे, शनिवारी अंगण मोकळं ठेव. सिनेमा दाखवायचाय."

"सिनेमा? आमच्या देवाला नाटक लागतं. झांजा, दाढ्या, भाले. सिनेमा तू तिकडे पिंपळाखालच्या थाई देवाला दाखव."

"नवस याला बोलले."

"याला थाई कुठे कळतं? हैनानहून आलाय."

"तुझा बाप पण हैनानहून आला होता. माझ्या आईशी भाजीवरून भांडायचा तो कुठल्या भाषेत भांडायचा?"

हेंगने डोकं खाजवलं. "शिव्यांपुरतं यायचं त्याला."

"मग सिनेमापुरतं देवाला येईल. एवढी वर्षं राहतोय इथे."

"बरं. पण भोंगा मोठा लाव. म्हातारा झालाय तोही." मग त्याने आवाज खाली आणला. "प्रायोंग, ऐकलं की प्रत तुटकी आहे. नवस अख्ख्याचा होता ना? नंतर कौल लावावा लागेल. तो नाही म्हणाला तर मी काही करू शकणार नाही."

"लाव."

शनिवारी सूर्य कलतानाच प्लेकने अंगणात पडदा ताणला. पहिली रांग लाल खुर्च्यांची, रिकामी. देवासाठी. तिथे बसत नाहीत. मागे आम्ही दहा-बारा खुर्च्या मांडल्या होत्या, उगीच. नवसाच्या सिनेमाला माणसं येत नाहीत, देव एकटाच बघतो, असंच असतं. पण कुणीतरी बातमी फोडली होती. नदीपलीकडून होड्या आल्या. म्हातारी माणसं चटया काखेत घेऊन आली, कुणी उशा घेऊन. एका बाईने नातीला सांगितलं, "बस. ही बघ, हिचा आवाज ऐकत मी तुझ्या आजोबांचा हात धरला." मग तिने मान वळवून मागे पाहिलं. पा प्रायोंग माइकपाशी बसली होती, गळ्याला ओला पंचा. "एवढीशी आहे होय," बाई म्हणाली.

ओराथाय आली नव्हती. रस्त्यापलीकडे तिचं दुकान उघडं होतं, पातेल्यावर वाफ होती.

दिवा लागला. नदी आली. लाम्फू आली. पा प्रायोंगने तोंड उघडलं आणि आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडातून सत्तरीच्या बाईचा घोगरा, चिरलेला आवाज बाहेर पडला. लोक चुळबुळले. कुणीतरी हसलं. मी मान खाली घातली.

आणि मग थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी आवाज ऐकतच नाहीये. लाम्फू बोलतेय. नावाडी बोलतोय. पडावाचा दोर करकरतोय. तो करकरणारा दोरही पा प्रायोंगच होती, जिभेने करत होती. खडूस गिरणीवाला आला तेव्हा तिने हनुवटी छातीला लावली आणि म्हणाली, "मी हेंगशेठ! माझ्या गिरणीत उंदीरसुद्धा विचारून येतात!" अंगण कोसळलं. हेंग देवळाच्या पायरीवरून ओरडला, "देवासमोर तरी सोड गं!"

ती मधून मधून पाणी पीत होती. प्रत्येक घोटाला थोडा जास्त वेळ लागत होता. पडावावरच्या एका आजीच्या प्रसंगात आवाज दोनदा तुटला, तिने आजीला खोकला लावून निभावून नेलं. प्लेक तिच्याकडे बघायचा, ती बोटाने पडदा दाखवायची. चालू ठेव.

घाट आला. लाम्फू पडावाच्या टोकाला गेली. मान दिसली.

आणि म्हातारी माणसं हलायला लागली. सवयीने. एक आजोबा तर उठून उभेच राहिले आणि खिसा चाचपत इकडेतिकडे बघू लागले.

"बाम कुठाय?"

"बसा हो खाली. आज बाम नाही."

"बाम नाही? मग आता काय?"

आता पट्टी संपली. रिळाचं शेपूट फटफट वाजायला लागलं. पडदा पांढरा झाला. प्लेकने सवयीने दिव्याकडे हात नेला आणि पा प्रायोंगने त्याचं मनगट धरलं. त्याने यंत्र थांबवलं, दिवा ठेवला. पडद्यावर नुसता उजेड होता. त्यावर किडे येऊन बसत होते.

मला वाटलं, ती आता काहीतरी सांगेल. इथे आई वळते, असं काहीतरी. माफी मागेल देवाची.

तिने पाणी वाजवलं. ओठांनी, हळू, पडावाच्या कडेला लागतं तसं. मग दोर. मग लाम्फूच्या आवाजात, मोठ्याने नाही, अगदी समोरच्या माणसाला हाक मारावी तशी, म्हणाली, "आई."

पडदा पांढराच होता आणि मी शपथेवर सांगते, सगळे तिथे बघत होते. मीही. मी त्या सिनेमावर दोन वर्षं घालवली होती. तो शेवट मी कधी पाहिला नव्हता. तेव्हा पाहिला.

मग आई बोलली. सिनेमातल्या आईला पा प्रायोंग एक आवाज द्यायची, गोड, जरा नाकातला. हा तो नव्हता. हा दुकानातला होता, बाजारातला, तिचा स्वतःचा.

"जेवलीस का गं?"

आता लाम्फूने उत्तर द्यायचं होतं. पा प्रायोंगने तोंड उघडलं. ओठ हलले. भोंग्यातून फक्त हवा आली. तिने पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. प्लेकने पाणी पुढे केलं, तिने ते ढकललं. पडद्याकडे बोट दाखवत राहिली. संपलं नाही, अजून संपलं नाही.

"कधीच जेवले."

आवाज मागून आला. माइकवरून नाही. ओराथाय अंगणाच्या कडेला उभी होती, हातात झाऱ्या, रस्ता ओलांडून कधी आली कळलं नाही. ती चिडलेली होती. नेहमी असते तेवढीच.

"कधीच जेवले, आई. तुला उशीर झाला."

प्लेकने दिवा मालवला.

मग देवळातले दिवे लागले आणि हेंग पायरीवर आला. हातात कौलाचे दोन लाकडी तुकडे, चंद्रकोरीसारखे, एका अंगाने सपाट. चेहरा ओढलेला.

"प्रायोंग, शेवटचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडचं आलं. नवस तुझ्या तोंडाचा होता. मी माझ्या मनाने काही म्हणत नाही. त्याला विचारू."

पा प्रायोंगला त्याने देवासमोर बसवलं. तिने तुकडे ओंजळीत घेतले, कपाळाला लावले, टाकले. दोन्हींची सपाट अंगं वर. हेंगने वाकून पाहिलं.

"हसतोय."

"म्हणजे हो?" मी विचारलं.

"हो पण नाही आणि नाही पण नाही. हसतोय. पुन्हा विचारावं लागेल. आणि नीट, स्पष्ट, मोठ्याने विचारायचं, काय विचारतोय ते. नाहीतर तो असाच हसत बसेल."

पा प्रायोंगने हेंगकडे पाहिलं. तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने घशावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली. गाठीच्या वेळी नाही, डॉक्टरांपुढे नाही. आता. इथपर्यंत आणून प्रश्नच विचारता येत नव्हता.

ओराथायने झाऱ्या माझ्या हातात दिला. आईच्या शेजारी गुडघे टेकले आणि तुकडे उचलले.

"तुझं काम नाही," हेंग म्हणाला. "जी नवस बोलली तिनेच विचारायचं."

"ज्याच्यासाठी नवस होता तो विचारू शकत नाही, असं कुठे आहे?"

हेंग बाजूला सरकला.

ओराथायने देवाकडे पाहिलं. हात जोडायचे राहिले ते नंतर आठवून जोडले. मग म्हणाली, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी, "हे बघ. मी ती पोर. ताप आलेली. वाचले, तू वाचवलंस असं ही म्हणते. हिने सिनेमा दाखवला. मध्ये थांबली नाही, बाम विकला नाही. पडद्यावर नव्हतं तेही दाखवलं. शेवटचं मी बोलले, कारण ते मलाच विचारलं होतं. पावला की नाही, सांग. आणि हसू नकोस."

तुकडे फरशीवर पडले. एक घरंगळत खांबापर्यंत गेला. हेंग त्याच्यामागे गेला, खाली वाकला, मग दुसऱ्याकडे आला.

एक उताणा. एक पालथा.

"पावला," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. पा प्रायोंग बसल्या जागी हलली नाही. मग ओराथायकडे वळली आणि तोंड उघडायला लागली, काहीतरी सांगायला. ओराथायने तिच्या तोंडावर तळहात ठेवला.

"बास. आता मी बोलते."

आणि ती बोलायला लागली. हेंगला म्हणाली, फटाके देवळाच्या दारात लावू नका, म्हातारी माणसं आहेत. प्लेकला म्हणाली, वायरी गुंडाळा, आणि डबे पुन्हा पलंगाखाली नेलेत तर बघा. होडीवाल्यांना म्हणाली, पलीकडच्यांना आधी सोडा. मला म्हणाली, "तू काय बघत उभी राहिलीस? झाऱ्या घे, दुकानात जा, गॅस बंद कर. रस्सा आटला असेल." आईला तिने उठवलं, बाहेर आणलं आणि समोरच दिसली त्या खुर्चीत, पहिल्या रांगेत, बसवलं. हेंग काहीतरी म्हणायला गेला आणि थांबला.

पा प्रायोंग तिथे बसून मुलीचं बोलणं ऐकत होती. मी गॅस बंद करून परत आले तेव्हाही ओराथाय बोलतच होती.